काचेवरचा बिस्मथ फेराइटचा थर आणि त्यातले दिशा बदलणारे व्होल्टेज : प्रकल्प नोंदी

३ जून

बिस्मथ फेराइट हा मल्टिफेरॉइक, म्हणजे विद्युत आणि चुंबकीय असे दोन्ही क्रम एकत्र असलेला पदार्थ आहे. त्याचा फेरोविद्युत गुण (आपोआप असलेले आणि बाहेरून व्होल्टेज देऊन उलटवता येणारे विद्युत ध्रुवीकरण) सुमारे ८३० अंश सेल्सिअसपर्यंत आणि अँटिफेरोमॅग्नेटिक क्रम (शेजारच्या अणूंचे चुंबकत्व एकमेकांविरुद्ध असणे) सुमारे ३७० अंशांपर्यंत टिकतो, म्हणजे खोलीच्या तापमानाला हे दोन्ही गुण एकाच स्फटिकात हाताशी असतात. त्याचा बँडगॅप (इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा) सुमारे २.७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असल्यामुळे तो निळा-जांभळा प्रकाश शोषतो. ध्रुवीकरणाची दिशा उलटवली की प्रकाशामुळे मिळणाऱ्या प्रवाहाची दिशाही उलटते, हे त्याच्या एकस्फटिकांवर २००९ साली दाखवले गेले. हा प्रवाह मिळण्यासाठी सिलिकॉनच्या सेलसारखा पी-एन जोड लागत नाही.

महाग एकस्फटिक न वापरता, साध्या काचेवर सोल-जेल पद्धतीने (द्रावण पसरवून ते तापवून) थर देऊन हा परिणाम पाहायचा आणि मिळालेले व्होल्टेज खरोखर ध्रुवीकरणाचेच आहे याची खात्री करायची, असे या प्रकल्पाचे स्वरूप आहे. महाविद्यालयीन प्रयोगशाळेत हेच काम करू पाहणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून खर्च आणि फसलेले टप्पेही येथे नोंदवत आहोत.

७ जून

द्रावण तयार केले. ५० मिलिलिटर द्रावणात लोहाचे प्रमाण ०.२५ मोलार ठेवण्यासाठी फेरिक नायट्रेट नोनाहायड्रेट ५.०५ ग्रॅम लागते. बिस्मथ नायट्रेट पेंटाहायड्रेट पाच टक्के जास्त धरून ६.३७ ग्रॅम घेतले, कारण तापवताना बिस्मथ उडून जातो. द्रावक म्हणून २-मिथॉक्सीइथेनॉल आणि थोडे ग्लेशियल ॲसेटिक आम्ल वापरले. बिस्मथचा क्षार आधी आम्लयुक्त द्रावकात पूर्ण विरघळू द्यावा आणि मगच लोहाचा क्षार घालावा; उलट क्रमाने तळाशी राहिलेले पांढरे कण दिसत नाहीत, कारण लोहामुळे द्रावण लगेच गडद तांबूस होते.

पुष्कळ कृतींमध्ये पाणी काढून टाकण्यासाठी ॲसेटिक ॲनहायड्राइड सांगितलेले असते. आम्ही ते टाळले. ते भारतात अमली पदार्थविषयक कायद्याखालील नियंत्रित रसायन असल्याने खरेदीची कागदपत्रे वाढतात, आणि नायट्रेटयुक्त द्रावणात ते घाईने घातले तर मिश्रण धोकादायक रीतीने तापू शकते. २-मिथॉक्सीइथेनॉलही प्रजननसंस्थेला अपायकारक आहे, तेव्हा सगळे काम फ्यूम हूडमध्ये आणि हातमोजे घालूनच करावे.

दोन्ही नायट्रेट आणि द्रावक मिळून सुमारे पाच हजार रुपये लागले, पण त्यात अशी बरीच द्रावणे होतील. एफटीओ (फ्लोरीन मिसळलेल्या टिन ऑक्साइडचा पारदर्शक वाहक थर) लावलेली काच खरी महाग पडते. २५ मिलिमीटर चौरसाच्या दहा तुकड्यांना अडीच हजारांच्या आसपास खर्च आला.

१५ जून

पाऊस सुरू झाला आणि थर बिघडू लागले. स्पिन कोटरवर (काच वेगाने फिरवून द्रावण पसरवणाऱ्या यंत्रावर) फिरवून झाल्यावर काही सेकंदांतच काचेवर दुधाळ झाक येते आणि भिंगातून पाहिले असता बारीक पांढरट ठिपक्यांचे जाळे दिसते. हवेतल्या ओलाव्यामुळे बिस्मथ नायट्रेटचे जलविघटन होऊन न विरघळणारे क्षार तयार होतात, हे त्याचे कारण आहे. खोलीतली आर्द्रता तेव्हा ऐंशी टक्क्यांच्या वर होती.

प्रथम खोलीतला वातानुकूलक लावून पाहिला. आर्द्रता उतरली, पण दार उघडले की पुन्हा चढत होती. शेवटी स्पिन कोटरभोवती बसेल अशी ॲक्रिलिकची पेटी स्थानिक कारागिराकडून साडेतीन हजारांत करून घेतली, तिला हात घालण्यापुरती दोन झाकणे ठेवली आणि आत निळ्या सिलिका जेलची ताटली ठेवली. आतली आर्द्रता चाळीस टक्क्यांच्या खाली गेल्याशिवाय थेंब टाकायचा नाही, असा नियम केल्यावर दुधाळपणा गेला. जेल गुलाबी झाले की ते ओव्हनमध्ये १२० अंशांवर ठेवून पुन्हा निळे करून घेतो.

२४ जून

थर देण्याची पद्धत आता ठरली. द्रावण ०.२ मायक्रॉनच्या पीटीएफई फिल्टरमधून गाळून घ्यायचे, मिनिटाला ३,५०० फेऱ्यांनी ३० सेकंद फिरवायचे, हॉट प्लेटवर १५० अंशांवर वाळवायचे आणि मग ३५० अंशांवर पाच मिनिटे ठेवायचे. याच टप्प्यात नायट्रेट फुटून तांबूस धूर निघतो, म्हणून हॉट प्लेटही हूडखालीच हवी. एका थराची जाडी सुमारे ४० नॅनोमीटर भरते. आठ थरांचे मिळून ३२० नॅनोमीटर होतात.

खालच्या इलेक्ट्रोडला, म्हणजे एफटीओला, तार जोडण्यासाठी काचेची एक कड उघडी ठेवावी लागते. कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी चिकटपट्टी) लावला तर त्याचा गोंद तापून काचेवर डाग सोडतो आणि पुढचा थर त्या डागापासून उलायला लागतो. त्यापेक्षा थर वाळल्यावर, पण ३५० अंशांच्या हॉट प्लेटवर जाण्यापूर्वी, ॲसेटिक आम्लात भिजवलेल्या कापसाच्या काडीने कड पुसून घ्यावी. आधी मल्टिमीटरने काचेची वाहक बाजू तपासावी. काच धुताना उलटली तर ते डोळ्यांना कळत नाही.

२ जुलै

भट्टीत ६०० अंश ठेवून पाहिले. काच मधोमध वाकली आणि थराला आरपार भेगा गेल्या. ही साधी सोडा-लाइम काच आहे. तिला एवढे तापमान सोसत नाही. यापुढे ५२० अंश, एक तास, मिनिटाला तीन अंशांची वाढ आणि भट्टी बंद करून सावकाश थंड होऊ देणे हाच क्रम ठेवला.

एका खेपेस मध्येच वीज गेली. ते नमुने पुन्हा तापवले असता एक्स-रे विवर्तनात (स्फटिकाची रचना ओळखण्याच्या चाचणीत) ठीक दिसले, मात्र त्यांची गळती (थरातून नको असताना झिरपणारा प्रवाह) इतर नमुन्यांपेक्षा इतकी जास्त निघाली की ते मोजमापातून वगळले. भट्टीला जनरेटरची जोड नसेल तर भारनियमनाचे वेळापत्रक पाहूनच काम सुरू करावे.

११ जुलै

एक्स-रे विवर्तनाचे आलेख आले. दर नमुन्याला चारशे रुपये पडले. शहाणपणाची गोष्ट एकच झाली की कोऱ्या एफटीओ काचेचा आलेखही काढून घेतला होता. २६.६ अंशांच्या विवर्तन कोनावरचे मोठे शिखर टिन ऑक्साइडचे आहे, अशुद्धीचे नाही, हे त्यामुळे लगेच ठरवता आले.

बिस्मथ फेराइटची २२.४ अंशांवरची आणि ३२ अंशांजवळची शिखरे सर्व नमुन्यांत आहेत. फरक आहे तो अशुद्धींमध्ये. बिस्मथ मुळीच जास्त न घेतलेल्या नमुन्यात २८ ते २९ अंशांच्या दरम्यान दोन लहान शिखरे आली; ती कमी बिस्मथ असलेल्या म्युलाइट प्रकारच्या फेराइटची आहेत. दहा टक्के जास्त घेतलेल्या नमुन्यात २७.७ अंशांवर बिस्मथबहुल सिलेनाइट दिसले. पाच टक्क्यांचा नमुना स्वच्छ आहे. दहा टक्के जास्त घ्यावे असे बहुतेक कृतींत वाचायला मिळते, पण त्या अधिक तापमानाच्या आहेत. ५२० अंशांवर बिस्मथ तितका उडत नाही आणि उरलेला थरातच अशुद्धी म्हणून राहतो.

१९ जुलै

वरचे इलेक्ट्रोड. छपाईच्या सोल्डर पेस्टसाठी ज्या दुकानात स्टीलची स्टेन्सिल लेसरने कापून देतात, तेथूनच अर्धा मिलिमीटर व्यासाच्या छिद्रांची जाळी बाराशे रुपयांत करून घेतली. तिच्यातून सोने आधी स्पटरिंगने (आयनांच्या माऱ्याने धातूचे कण उडवून) बसवले. त्यातले बहुतेक ठिपके खालच्या इलेक्ट्रोडशी शॉर्ट निघाले, कारण थरातल्या सूक्ष्म छिद्रांत सोने उतरले होते. निर्वातात सोने वितळवून त्याची वाफ बसवण्याच्या पद्धतीने शॉर्ट पुष्कळ कमी झाले, आणि ठिपका लहान ठेवल्याने त्याच्याखाली छिद्र सापडण्याची शक्यताही घटली. मोठा इलेक्ट्रोड म्हणजे जास्त प्रवाह, हा मोह येथे टाळावा.

२७ जुलै

काचेच्या बाजूने ४०५ नॅनोमीटरचा प्रकाश टाकून पहिले मोजमाप केले. या प्रकाशाच्या फोटॉनची ऊर्जा सुमारे ३.०६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे, म्हणजे बँडगॅपच्या वर. नमुन्यावरची तीव्रता चौरस सेंटिमीटरला ५० मिलिवॅट ठेवली. संरक्षक चष्म्याशिवाय हा लेसर सुरू करू नये; ४०५ नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्यांना दिसतो त्यापेक्षा बराच तीव्र असतो.

हातातल्या मल्टिमीटरवर जेमतेम ९ मिलिव्होल्ट दिसले आणि सगळी मेहनत वाया गेली असे वाटले. नंतर भौतिकशास्त्राच्याच दुसऱ्या प्रयोगशाळेतला किथली कंपनीचा इलेक्ट्रोमीटर (अतिउच्च रोधाचा मीटर) जोडला, तर त्याच ठिपक्यावर ०.१४ व्होल्ट आले. शॉर्ट-सर्किट प्रवाह (दोन्ही टोके थेट जोडल्यावरचा) १ नॅनोॲम्पिअर. म्हणजे प्रकाशात या ठिपक्याचा अंतर्गत रोध सुमारे १४० मेगाओहम आहे आणि मल्टिमीटरचा फक्त १० मेगाओहम. मीटर जोडताच व्होल्टेज पंधरा भागांत एक इतकेच उरते. ०.१४ ला १५ ने भागले की बरोबर ते ९ मिलिव्होल्ट मिळतात. फेरोविद्युत थरांवर काम करणाऱ्या प्रत्येकाने हा हिशेब आधी करावा. इलेक्ट्रोमीटर नसेल तर अतिउच्च रोधाचा ऑप-ॲम्प (प्रवर्धक चिप) घेऊन बफर बांधता येतो आणि त्याचा खर्च काहीशे रुपयांच्या वर जात नाही.

४ ऑगस्ट

या आठवड्यातली नोंद लांब आहे, कारण येथेच सर्वांत जास्त वेळ गेला.

प्रकाश सुरू केला की प्रवाह एकदम ६ नॅनोॲम्पिअरपर्यंत उसळतो आणि काही सेकंदांत १ नॅनोॲम्पिअरवर येऊन स्थिरावतो. प्रकाश बंद केला की शून्यावर न येता उलट दिशेला तसाच उसळतो आणि मग शून्याकडे येतो. पडद्यावर दोन टोकदार सुळे आणि त्यांच्यामध्ये एक बुटकी सपाट पायरी असा आलेख उमटतो. पहिल्या दिवशी आम्ही शिखराचा आकडा वहीत लिहीत होतो.

फेरोविद्युत पदार्थ पायरोविद्युतही असतोच. तापमान बदलत असेपर्यंत त्याचे ध्रुवीकरण बदलते आणि तेवढ्यापुरता प्रवाह वाहतो. तापमान स्थिरावले की तो थांबतो. लेसरने थर आणि सोन्याचा ठिपका दोन्ही तापतात, म्हणून सुरुवातीचा सुळका उष्णतेचा असण्याची दाट शक्यता होती. शंका फेडायला प्रयोग सोपा आहे. संपूर्ण अंधारात नमुन्यावर हेअर ड्रायरची कोमट हवा दोन सेकंद सोडली. त्याच दिशेचा सुळका आला आणि हवा बंद केल्यावर उलटाही आला. मधली पायरी मात्र आली नाही. उष्णतेने सुळके येतात आणि प्रकाशाने पायरी येते, हे एवढ्यावरून वेगळे करता आले.

त्यानंतर नमुना तांब्याच्या जाड ठोकळ्यावर थर्मल पेस्टने बसवला, सुळके निम्म्याहून कमी झाले, आणि प्रकाश सुरू केल्यावर पूर्ण एक मिनिट थांबूनच वाचन घ्यायचे ठरवले. यापूर्वीची सगळी वाचने रद्द केली. प्रकाशाची तीव्रता निम्मी, पाव अशी कमी केल्यावर पायरीची उंचीही त्याच प्रमाणात उतरली. सुळक्यांबाबत असा नेटका संबंध मिळत नव्हता. २.३३ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या, म्हणजे ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशात पायरी जवळजवळ नाहीशी झाली, आणि बँडगॅपच्या खाली तसेच अपेक्षित होते.

१३ ऑगस्ट

थर खरोखर फेरोविद्युत आहे का, हे अजून स्वतंत्रपणे सिद्ध व्हायचे होते. ध्रुवीकरण आणि क्षेत्र यांचा आलेख काढला तर तो गोलसर, फुगीर बंद वक्र येतो. अशा वक्रावर विसंबू नये. जेम्स स्कॉट यांनी २००८ साली केळ्याच्या सालीवर इलेक्ट्रोड लावून अगदी असाच बंद वक्र मिळतो हे छापून दाखवले होते. गळती असलेला कोणताही पदार्थ असा वक्र देतो.

त्याऐवजी एकाच दिशेचे दोन स्पंद एकामागून एक द्यावेत. पहिल्या स्पंदात ध्रुवीकरण उलटल्याचा भार आणि गळती असे दोन्ही मोजले जातात, दुसऱ्यात उलटायला काही उरलेलेच नसते, म्हणून फक्त गळती आणि साधी धारिता येते. दोहोंची वजाबाकी म्हणजे खरे उलटलेले ध्रुवीकरण. फंक्शन जनरेटर, ऑसिलोस्कोप आणि एक मालिकेतला रोध एवढ्यावर हे होते. १ मिलिसेकंदाच्या १२ व्होल्ट स्पंदांनी वजाबाकी स्पष्टपणे शून्याच्या वर राहिली. ३२० नॅनोमीटर जाडीवर १२ व्होल्ट म्हणजे सेंटिमीटरला सुमारे पावणेचार लाख व्होल्टचे क्षेत्र होते. ८ व्होल्टला हाच फरक जवळजवळ दिसत नव्हता.

२२ ऑगस्ट

आता मुख्य प्रश्नाकडे वळलो. वरच्या सोन्याच्या ठिपक्यावर अधिक १२ व्होल्ट दहा सेकंद दिले, प्रकाशात मोजले. मग उणे १२ व्होल्ट दहा सेकंद दिले आणि पुन्हा मोजले. ओपन-सर्किट व्होल्टेज (प्रवाह वाहू न देता मोजलेले) एका दिशेला +०.३० आणि दुसऱ्या दिशेला −०.०८ आले. चिन्ह उलटले, याचा आनंद सगळ्यांना झाला, परंतु दोन्ही आकडे सममित नाहीत.

खाली एफटीओ आणि वर सोने असे दोन भिन्न इलेक्ट्रोड आहेत. त्यांच्या संपर्काशी असलेले शॉट्की क्षेत्र (इलेक्ट्रोड आणि थर यांच्या सीमेवर आपोआप तयार होणारे विद्युत क्षेत्र), ध्रुवीकरण कोणत्याही दिशेला असले तरी एकाच बाजूला ढकलते. दोन आकड्यांची सरासरी ०.११ व्होल्ट हा संपर्काचा वाटा मानला आणि फरकाचा निम्मा भाग ०.१९ व्होल्ट हा फिरणारा वाटा मानला. हे ढोबळ गणित आहे, पण नुसते +०.३० लिहून सगळे श्रेय ध्रुवीकरणाला देण्यापेक्षा ते अधिक प्रामाणिक आहे.

२३ ऑगस्ट

काल ज्या ठिपक्यांवर व्होल्टेज दिले होते ते रात्रभर अंधारात शॉर्ट करून ठेवले होते. आज एका बाजूचे +०.२४, दुसऱ्या बाजूचे −०.०२. संपर्काचा वाटा ०.११ वरच आहे, मात्र फिरणारा वाटा ०.१९ वरून ०.१३ वर आला.

ध्रुवीकरण एका रात्रीत एवढे गळायला नको होते. या पदार्थात ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा भरपूर असतात, त्यांच्यावर धन भार असतो आणि दहा सेकंदांच्या मोठ्या क्षेत्रात त्या एका इलेक्ट्रोडकडे सरकतात. त्या सरकल्या की संपर्काचे क्षेत्र बदलते आणि फोटोव्होल्टेजचे चिन्हही बदलल्यासारखे दिसते. क्षेत्र काढले की त्या हळूहळू परततात. म्हणजे चिन्ह उलटले एवढ्यावरून फेरोविद्युत परिणाम सिद्ध होत नाही.

३० ऑगस्ट

उपाय मिळाला. ध्रुवीकरण मायक्रोसेकंदांत उलटू शकते, ऑक्सिजनच्या रिकाम्या जागांना तेवढ्यात फारसे सरकता येत नाही. म्हणून दहा सेकंदांऐवजी १ मिलिसेकंदाचा एकच स्पंद देऊन पाहिले. लगेच मोजल्यावर +०.२३ आणि −०.०१ आले, संपर्काचा वाटा ०.११, फिरणारा ०.१२. दुसऱ्या दिवशीही हे आकडे मोजमापाच्या मर्यादेत तेच राहिले. दीर्घ व्होल्टेजानंतर रात्रभर टिकलेला ०.१३ चा आकडा याच्या अगदी जवळ आहे. उरलेले सहा-सात शतांश व्होल्ट सरकणाऱ्या रिकाम्या जागांचे होते, असे आम्ही धरतो.

या आकड्यावर कार्यक्षमता काढली. प्रवाह १.६ नॅनोॲम्पिअर, म्हणजे चौरस सेंटिमीटरला ०.८ मायक्रोॲम्पिअर, व्होल्टेज ०.२३, फिल फॅक्टर (मिळणारी कमाल शक्ती भागिले या प्रवाह-व्होल्टेजचा गुणाकार) ०.२५, कारण प्रवाह-व्होल्टेज आलेख जवळजवळ सरळ रेषा आहे. पडलेल्या प्रकाशाच्या सुमारे दहा लाखांत एक भाग विजेत उतरतो. बिस्मथ, लोह आणि क्रोमियम यांच्या दुहेरी पेरोव्हस्काइटचे (एका ठरावीक स्फटिकरचनेच्या पदार्थाचे) अनेक थर देऊन २०१५ साली ८.१ टक्क्यांपर्यंत मजल मारली गेली होती. त्या अंतराची कल्पना ठेवूनच काचेवरच्या या थराकडे पाहावे. बँडगॅपहून मोठ्या व्होल्टेजच्या ज्या बातम्या २०१० पासून वाचायला मिळतात, त्या पृष्ठभागावर एकमेकांपासून दूर ठेवलेल्या इलेक्ट्रोडच्या रचनेतल्या आहेत. आमच्याकडे दोन इलेक्ट्रोडमधले अंतर ३२० नॅनोमीटर आहे.

१८ सप्टेंबर

गळती कमी झाली तर व्होल्टेज वाढावे, हे तपासण्यासाठी बिस्मथच्या दहा टक्के जागी लँथनम घातले. ५० मिलिलिटरला बिस्मथ नायट्रेट ५.७३ ग्रॅम आणि लँथनम नायट्रेट हेक्झाहायड्रेट ०.५४ ग्रॅम. लँथनम उडत नाही आणि रिकाम्या जागा कमी होण्यास मदत करतो. बाकी कृती तीच ठेवली.

विवर्तनात अशुद्धी नाही. अंधारातली ५ व्होल्टची गळती सुमारे दहापट उतरली. १ मिलिसेकंदाच्या स्पंदांनंतर +०.३८ आणि −०.१२, म्हणजे फिरणारा वाटा ०.२५ व्होल्ट. शॉर्ट-सर्किट प्रवाह मात्र जवळपास आधीइतकाच आहे. व्होल्टेज दुप्पट झाले ते प्रवाह वाढल्यामुळे नव्हे, तर तोच प्रवाह आता कमी गळणाऱ्या थरातून परत जातो म्हणून. आणि यामुळे पायरीचा प्रवाह थराच्या आतूनच येतो या म्हणण्याला बळ मिळते.

२९ सप्टेंबर

रेषीय ध्रुवित प्रकाशाची पातळी फिरवून प्रवाह बदलतो का ते पाहिले. स्फटिकाच्या अंतर्भागातून येणारा फोटोव्होल्टाइक प्रवाह त्या कोनाबरोबर लाटेसारखा वरखाली व्हायला हवा. आमच्या थरात मोजण्याजोगा बदल मिळाला नाही. थरातले कण सर्व दिशांना विखुरलेले असल्यामुळे तो बदल एकमेकांत मिटून जातो, तेव्हा या चाचणीचा निकाल कोणत्याही बाजूने धरलेला नाही. ही चाचणी शिकण्यासाठी लोह मिसळलेला लिथियम नायोबेटचा एकस्फटिक योग्य आहे. १९७४ साली त्याच्यावरच अंतर्भागातला हा प्रवाह स्पष्टपणे ओळखला गेला होता. तो तुकडा मागवला आहे आणि पोहोचल्यावर त्याच ठोकळ्यावर, त्याच लेसरने मोजू.